पेशींचा राब

रायगडच्या किनाऱ्यावर कुणाला मोठा आजार निघाला की घरातली माणसं एकच म्हणतात, 'टाटाला न्या.' पूर्वी टाटा म्हणजे परळ. आता पुष्कळदा टाटा म्हणजे खारघर. श्रीवर्धन, मुरूड, अलिबागहून सुटलेली एसटी पनवेलला पोचते. तिथून जवळच, आपल्याच जिल्ह्याच्या हद्दीत, टाटा स्मारक केंद्राची 'ॲक्ट्रेक' ही संस्था आहे. रुग्णालयही तिथंच आणि प्रयोगशाळाही तिथंच. या प्रयोगशाळेचा इतिहास एका मराठी बाईंच्या कामाशी जोडलेला आहे. माणसाच्या शरीरातल्या पेशी शरीराबाहेर वाढवायचं काम.

श्रोतेहो, मी कवितेचा माणूस, शिक्षण बी.ए.पर्यंतचं. त्यामुळे ही गोष्ट मी आपल्या भातशेतीच्या भाषेत समजून घेतो. आपण भात थेट खाचरात पेरत नाही. आधी राब भाजतो, त्यात रोप तयार करतो आणि पाऊस लागला की लावणी करतो. पेशींचंही तसंच. शरीरातला कणभर तुकडा घ्यायचा, भांड्यात त्याला अन्न आणि अंगाएवढी ऊब द्यायची, जंतूंपासून जपायचं आणि वाढला की हवा तिथं लावायचा. अर्थात, सगळ्याच पेशी अशा उपयोगी पडत नाहीत. ज्या स्वतःसारख्या नव्या पेशी निर्माण करतात आणि गरजेप्रमाणे रक्ताच्या, कातडीच्या अशा वेगळ्या पेशीही घडवतात, त्या मूलपेशी. स्टेम सेल म्हणतात त्या याच.

डॉ. कमल रणदिवे १९१७ साली पुण्यात जन्मल्या, हुजूरपागेत शिकल्या. मुंबईत डॉ. वसंत खानोलकरांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी १९४९ साली पीएच.डी. मिळवली. पुढे त्या अमेरिकेत बाल्टिमोरला, जॉर्ज गे यांच्या प्रयोगशाळेत गेल्या. पेशी शरीराबाहेर जगवण्यासाठी गे यांनी आयुष्य खर्ची घातलं होतं. त्यांच्याच प्रयोगशाळेत १९५१ साली हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय स्त्रीच्या गाठीतल्या पेशी अखंड वाढत राहिल्या. 'हेला' नावानं त्या जगभर गेल्या. बाई त्याच वर्षी वारल्या. तुमच्या पेशी घेऊ का, असं त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

रणदिवेबाई हे शास्त्र शिकून मायदेशी परतल्या. परळच्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये त्यांनी १९६०च्या दशकात ऊतिसंवर्धनाची प्रयोगशाळा उभी केली. देशातली अशी पहिली प्रयोगशाळा म्हणून तिची नोंद आहे. १९८२ साली त्यांना पद्मभूषण मिळालं, २००१ साली त्या गेल्या. त्यानंतरच्याच वर्षी त्यांची संस्था परळहून खारघरला आली.

या काळात उपचारही पुढं सरकले होते. १९८३ साली परळच्या टाटा रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणी यांनी रक्ताचा कर्करोग झालेल्या नऊ वर्षांच्या मुलीला तिच्या भावाची अस्थिमज्जा दिली. देशातलं ते पहिलं अस्थिमज्जा प्रत्यारोपण. मज्जेत रक्त घडवणाऱ्या मूलपेशी असतात. त्या शिरेतून सोडल्या की आपली वाट शोधत हाडांच्या पोकळीत जाऊन रुजतात. इथं राबाची गरज नसते, थेट लावणी. आज हे प्रत्यारोपण खारघरलाही होतं.

राब लागतो तो डोळ्याला. पानाच्या चुन्यानं डोळा भाजला की बुबुळाच्या कडेच्या मूलपेशी जळतात आणि बुबुळ पांढरं पडतं. मग चांगल्या डोळ्याच्या कडेचा अगदी लहान तुकडा घेऊन प्रयोगशाळेत त्याचा पातळ पापुद्रा वाढवतात आणि तो भाजलेल्या डोळ्यावर लावतात. इटलीतल्या डॉक्टरांनी १९९७ साली हे करून दाखवलं. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्र संस्थेनं पुढं शेकडो रुग्णांना हा उपचार दिला.

हे सगळं सांगायचं कारण वेगळंच आहे. आमच्या मोहल्ल्यातल्या एका घरात मुलाला सेरेब्रल पाल्सी आहे. शहरातल्या एका दवाखान्यानं त्यांना मूलपेशींचं इंजेक्शन सुचवलं. खर्च काही लाखांचा. नारळी-पोफळीची वाडी गहाण टाकायची बोलणी सुरू झाली. तेव्हा मुलाची दादी एवढंच म्हणाली, 'ज्या पोरांना दिलंय, त्यातलं एक तरी चालताना दाखवा.' दवाखान्याकडं रंगीत पत्रकं होती. दाखवायला मूल नव्हतं. वाडी वाचली. मुलगा आता नियमानं व्यायामोपचाराला जातो.

दादीला माहीत नव्हतं, पण तिचा प्रश्न शास्त्राचाच होता. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेनं २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांत स्पष्ट म्हटलं आहे की, रक्ताच्या विकारांवरचं प्रत्यारोपण सोडलं तर मूलपेशींचा इतर वापर मंजूर चाचणीतच व्हावा, रुग्णाची लेखी संमती घ्यावी आणि चाचणीसाठी त्याच्याकडून पैसे घेऊ नयेत. त्यानंतर मोजक्याच उत्पादनांना औषध नियंत्रकांची मंजुरी मिळाली आहे. हेन्रिएटाबाईंना न विचारलेला प्रश्न आज कायद्यानं आणि नियमांनी प्रत्येकाला विचारावा लागतो, हीसुद्धा या इतिहासाचीच कमाई.

म्हणून कुणी मूलपेशींचा उपचार सांगितला, तर विचारावं: पेशी कुणाच्या? कुठं वाढवल्या? मंजुरी कुणाची? चाचणी असेल तर पैसे कसले? यातला एकही प्रश्न उद्धटपणाचा नाही. खारघरच्या प्रयोगशाळेत एका भांड्यातल्या पेशी दुसऱ्या भांड्यात हलवल्या, तरी त्याची नोंद वहीत होते. आणि आपला शेतकरी शेजाऱ्याकडून रोप घेतो, तेव्हाही आधी राबावर जाऊन ते बघून येतो.