इंदूरचे खत

इसवी सन १८८९ च्या अखेरीस डॉ. जॉन ऑगस्टस व्होल्कर हे इंग्रज रसायनतज्ज्ञ हिंदुस्थानची शेती पाहण्यास आले. येथील शेतकरी अडाणी आहे, त्याला खताचे महत्त्व कळत नाही, असा समज तेव्हा राज्यकर्त्यांत प्रचलित होता. व्होल्कर यांच्या १८९३ च्या अहवालाने तो खोडून काढला. शेण शेतात न जाता चुलीत जाते याचे कारण अज्ञान नव्हे, सरपणाची टंचाई होय, असे त्यांनी नमूद केले आणि जळणासाठी झाडी वाढविण्याचा सल्ला दिला. गोवऱ्या मात्र जळतच राहिल्या.

अशा रोडावलेल्या जमिनीला कोणते खत द्यावे? लीबिख या जर्मन शास्त्रज्ञाचा ग्रंथ १८४० मध्ये निघाल्यापासून युरोपात या प्रश्नाचे उत्तर तराजूने दिले जाऊ लागले होते. पिकाने जी द्रव्ये उचलली ती मोजून परत करावी, एवढाच हिशेब. अमोनियम सल्फेटच्या शंभर रत्तलांत सुमारे वीस रत्तल नत्र असते. कुजलेल्या खताच्या तेवढ्याच वजनात जेमतेम एक रत्तल. नत्रच काय ते हवे असते, तर निवड करण्याजोगे काही उरले नसते.

अल्बर्ट हॉवर्ड यांना हा हिशेब अपुरा वाटला. १९०५ मध्ये ते सरकारी वनस्पतितज्ज्ञ म्हणून बिहारातील पुसा येथे आले होते. त्यांच्या पत्नी गॅब्रिएल याही त्याच तोलाच्या शास्त्रज्ञ होत्या. १९२४ मध्ये होळकर दरबारने दिलेल्या जमिनीवर इंदूरला वनस्पति-संशोधनाची संस्था निघाली आणि हॉवर्ड तिचे संचालक झाले. माळव्यातील काळी माती पावसाळ्यात चिकट होऊन बसते व उन्हाळ्यात भेगाळते. तिला नत्राइतकीच वाण असते ती हवेची, आणि माती भुसभुशीत राखणाऱ्या कुजलेल्या सेंद्रिय द्रव्याची. जोरखताच्या पोत्यात ते द्रव्य नसते. ते भरखतातूनच मिळावयाचे, आणि भरखताला पुरेल इतके शेण चुलीतून वाचत नव्हते.

या पेचातून इंदूरची पद्धत निघाली. तिचे रासायनिक काम हॉवर्ड यांचे सहकारी यशवंत वाड यांनी सांभाळले. शेणाचे खत करण्याऐवजी शेणाचे विरजण करावयाचे, असे या पद्धतीचे मर्म सांगता येईल. पऱ्हाट्या, तुराट्या, तण, पालापाचोळा हा मुख्य माल. पऱ्हाट्या लवकर कुजत नाहीत, म्हणून त्या वाटेवर अंथरून गाड्यांच्या चाकांखाली चिरडून घेत. तीस फूट लांब व चौदा फूट रुंद अशा उथळ खड्ड्यात या मालाचे थर देत. त्यांवर थोडे शेण, गोठ्यातील मूत्राने भिजलेली माती आणि लाकडाची राख कालवून शिंपीत. खड्ड्यात इतकी ऊब येई की तणाचे पुष्कळसे बी मरून जाई. तीनदा उलथापालथ केली म्हणजे तीन महिन्यांत खत तयार. आरंभी नत्राच्या सुमारे तेहतीसपट असलेला कर्ब शेवटी दसपटीवर येई. पावसाळ्यात खड्डे पाण्याने भरत, तेव्हा हाच माल जमिनीवर ढीग करून कुजवावा लागे. शेण थोडेच, पण त्यावर कितीतरी अधिक खत उभे राहत असे.

१९३१ मध्ये या प्रयोगांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि त्याच वर्षी हॉवर्ड यांनी इंदूर सोडले. पुढे केनियातील कॉफीच्या आणि भारत-सिलोनमधील चहाच्या मळ्यांत इंदूरचे नाव पोचले. १९३५ मध्ये गांधीजींच्या ‘हरिजन’नेही या खताची माहिती वाचकांना दिली.

विलायतेत परतल्यावर हॉवर्ड रासायनिक खतांचे कडवे विरोधक बनले. हा आग्रह इंदूरच्या प्रयोगांना पेलण्यासारखा नव्हता. खड्डे उलथण्यास मजूर लागत आणि उन्हाळ्यात पाणी लागे; मळेवाल्यांना जे परवडले ते दहा एकरांच्या कोरडवाहू शेतकऱ्याला परवडेलच असे नव्हते. १९५१ मध्ये सिंद्रीच्या कारखान्यात अमोनियम सल्फेटचे उत्पादन सुरू झाले, तेव्हा देश परदेशी धान्यावर अवलंबून होता. त्या पोत्यांची गरज खरी होती. मात्र मातीचा पोत सुधारण्याचे काम त्या पोत्यांकडून होणारे नव्हते.

हॉवर्ड यांचे नाव आज सेंद्रिय शेतीच्या आद्य पुरुषांत घेतले जाते. यशवंत वाड यांचे नाव फारसे कोणी घेत नाही. १९३१ च्या त्या ग्रंथावर मात्र लेखक म्हणून दोघांचीही नावे छापलेली आहेत.