आज्जीची गोळी आणि दोन चुकलेले अंदाज

या वीकएंडला कोल्हापुरात घरीच होतो. आज्जीला मागे नागीण झाली होती. गल्लीतल्या बायकांनी काव लावली, नागिणीचं तोंड-शेपूट जुळलं की माणूस जातो अशी भीतीही घातली. पुरळ गेलं, पण बरगडीतली आग राहिली. नुसता पदर घासला तरी कळ! डॉक्टरांनी प्रीगॅबालिन दिल्यावर ती जरा झोपू लागली. आणि काल म्हणते कशी, "आता बास की ही गोळी. करती तरी काय ती?"

आम्ही पडलो इंजिनियर. लगेच खोदकाम सुरू.

तर मंडळी, मेंदूत पेशींना 'जरा दमानं' सांगणारं गाबा नावाचं रसायन असतं. १९७० च्या दशकात जर्मनीत त्याच्यासारखा रेणू बनवला गेला, गॅबापेंटिन. अमेरिकेत १९९३ साली तो फिट्सवर मंजूर झाला. गुण येत होता, पण गाबाच्या कुलपात ही किल्ली बसतच नव्हती! तिकडे अमेरिकेत रिचर्ड सिल्व्हरमन यांच्या प्रयोगशाळेत १९८९ च्या सुमारास प्रीगॅबालिन तयार झालं, गाबा बनवणाऱ्या एन्झाइमला वेग द्यायला. त्याचाही गुण आला, पण कारण ते नव्हतंच.

खरं कुलूप १९९६ साली केंब्रिजमध्ये निकोलस गी आणि सहकाऱ्यांना डुकराच्या मेंदूत सापडलं: कॅल्शियम चॅनलचा अल्फा-टू-डेल्टा हा भाग. मज्जातंतूच्या टोकाला ही दारं असतात. संदेश आला की दार उघडतं, कॅल्शियम आत शिरतं आणि वेदनेचा निरोप पुढच्या पेशीला जातो. दुखावलेल्या नसेत हा भाग वाढतो. गोळी दाराला बूच मारत नाही. टोकाशी पोचणारी दारंच कमी करते. २००४ साली प्रीगॅबालिन अमेरिकेत नागिणीनंतरच्या वेदनेवर मंजूर झालं. पक्का पुरावा आला २००६ मध्ये: उंदरांच्या त्या भागातलं एकच अमिनो आम्ल बदललं, आणि औषधाने दुखणं थांबेना. आमच्या भाषेत, एक ओळ बदलून बग नेमका कुठे आहे ते दाखवलं.

हे सगळं आज्जीला सांगितलं. ती म्हणाली, "म्हंजे त्यास्नी बी आधी ठावं नव्हतं व्हय? मग कावंत आन् ह्यात फरक काय?"

दोन मिनिटं गप्प झालो. मग म्हटलं, "आज्जी, अंदाज दोघांचेही चुकले. पण यांनी पुन्हा तपासून बघितलं."

असो. गोळी नस बरी करत नाही, आवाज कमी करते. गुंगी येते, चक्करही येते, आणि एकदम बंद करायची नसते. डॉक्टरांना विचारून हळूहळू कमी करायची, यावर आज्जी राजी झालीये. सोमवारी नेतोय.