त्रिएस्त : बंदर, पृष्ठप्रदेश आणि सीमा

बंदराचा इतिहास समुद्राकडे तोंड करून लिहिण्याचा प्रघात आहे. नांगरवाड्याची खोली, वाऱ्याची दिशा, गलबतांची ये-जा यांच्या वर्णनाने त्याचा आरंभ होतो. तथापि बंदराचे भवितव्य बहुधा त्याच्या पाठीमागच्या मुलखात ठरते. आड्रियाटिक समुद्राच्या उत्तर टोकाशी वसलेले इटलीचे त्रिएस्त हे शहर या विधानाचे ठळक उदाहरण होय.

या शहरास भेट देणाऱ्या प्रवाशाचे लक्ष प्रथम वेधून घेतो तो समुद्राकडे खुला असलेला मुख्य चौक. त्याच्या कडेला लॉइड आगबोट कंपनीचे १८८३ साली पूर्ण झालेले भव्य कार्यालय उभे आहे. किनाऱ्यालगत विमा कंपन्यांच्या व व्यापाऱ्यांच्या प्रासादतुल्य इमारतींची रांग लागते. शहराची आजची वस्ती सुमारे दोन लाख. तिच्या मानाने हा पसारा फारच मोठा वाटतो. शहरामागे कार्स्टचे चुनखडीचे पठार एकदम उंचावते आणि मुख्य चौकापासून आठ-दहा किलोमीटरांच्या आतच स्लोव्हेनियाची सीमा लागते. एवढ्या इमारती कोणत्या मुलखाच्या व्यापारावर उभ्या राहिल्या, असा प्रश्न मनात आल्यावाचून राहत नाही. त्याचे उत्तर सीमेपलीकडे आहे.

व्हेनिसच्या वर्चस्वास कंटाळून त्रिएस्तने १३८२ मध्ये ऑस्ट्रियाच्या हॅब्सबर्ग घराण्याचा आश्रय घेतला. परंतु पुढील तीन शतके ते एक लहानसे गावच राहिले. १७१९ मध्ये सम्राट सहावा चार्ल्स याने त्यास मुक्त बंदर म्हणून जाहीर केले. त्याची कन्या मारिया थेरेसा हिच्या कारकिर्दीत जुन्या मिठागरांच्या जागी आखीव रस्त्यांची नवी पेठ वसली व गलबते थेट वखारींच्या दारापर्यंत यावीत म्हणून कालवा खोदण्यात आला. जकातीतील सवलत आणि धर्माचरणाची मोकळीक यांमुळे ग्रीक, सर्ब, ज्यू, आर्मेनियन व जर्मन व्यापारी येथे स्थायिक झाले. त्यांची प्रार्थनास्थळे आजही एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर आहेत.

खरी भरभराट झाली ती एकोणिसाव्या शतकात. १८३१ मध्ये ‘जनराली’ ही विमा कंपनी व १८३३ मध्ये ऑस्ट्रियन लॉइड ही संस्था स्थापन झाली. १८३६ पासून लॉइडने आगबोटींचा व्यवसाय हाती घेतला. १८५७ मध्ये व्हिएन्नाहून निघालेला लोहमार्ग आल्प्स व कार्स्ट ओलांडून त्रिएस्तला पोहोचला. मुंबईच्या इतिहासात बोरघाटाच्या लोहमार्गाचे (१८६३) जे महत्त्व आहे, तेच येथे या मार्गाचे होय. दख्खनचा कापूस जसा घाट उतरून मुंबईस येऊ लागला, तसा मध्य युरोपचा माल पठार उतरून त्रिएस्तच्या धक्क्यावर येऊ लागला. कोकणातील ज्या जुन्या बंदरांना असा मार्ग लाभला नाही, ती मागे पडली.

१८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाल्यावर ही दोन बंदरे परस्परांशी जोडली गेली. कालव्याच्या कंपनीचा एक उपाध्यक्ष, पास्क्वाले रेव्होल्तेल्ला, त्रिएस्तचाच सावकार होता. लॉइडच्या आगबोटी मुंबईपर्यंत येऊ लागल्या. १८७२ पासून १८९० मध्ये मृत्यू येईपर्यंत त्रिएस्त येथे ब्रिटिश वकील असलेला रिचर्ड बर्टन तारुण्यात कंपनीच्या मुंबई सैन्यात अधिकारी होता व त्या काळात मराठीही शिकला होता. १८७६ मध्ये त्याने पत्नीसह त्रिएस्तहून येऊन मुंबई व गोवा पुन्हा पाहिले.

या वैभवाच्या पोटीच संघर्षाचे बीज होते. १९१० च्या शिरगणतीत शहर व परिसराची लोकसंख्या सुमारे दोन लाख तीस हजार भरली. तीत इटालियन भाषिक निम्म्याहून थोडे अधिक आणि स्लोव्हेन भाषिक सुमारे एक चतुर्थांश होते. शहर मुख्यतः इटालियन, भोवतालची खेडी स्लोव्हेन आणि राजसत्ता जर्मन भाषिक, अशी ही रचना होती. इटलीत विलीन होण्याची आकांक्षा बळावत असता आंजेलो व्हिव्हान्ते या समाजवादी लेखकाने १९१२ मध्ये एक अप्रिय सत्य मांडले : राष्ट्रभावना शहरास पश्चिमेकडे ओढत असली, तरी त्याची उपजीविका पूर्वेकडील व उत्तरेकडील मुलखावर अवलंबून आहे. त्याचे म्हणणे त्या वेळी फारसे कोणास रुचले नाही.

३ नोव्हेंबर १९१८ रोजी इटालियन सैन्य धक्क्यावर उतरले. आकांक्षा पूर्ण झाली; परंतु ज्या साम्राज्याचे हे बंदर होते तेच नाहीसे झाले. इटलीस जिनोआ, व्हेनिस, नेपल्स अशी बंदरे होतीच. १३ जुलै १९२० रोजी फासिस्टांच्या जमावाने स्लोव्हेनांचे ‘नारोद्नी दोम’ हे सांस्कृतिक भवन जाळले. पुढे स्लोव्हेन शाळा बंद पडल्या आणि आडनावेही इटालियन करण्यात आली. १९३८ मध्ये याच मुख्य चौकात मुसोलिनीने ज्यूविरोधी कायद्यांची घोषणा केली. १९४३ नंतर जर्मन अमलाखाली सान साब्बा येथील भाताच्या जुन्या गिरणीत छळछावणी व दाहभट्टी उभारण्यात आली. ज्या शहरास नाना धर्मांच्या लोकांनी घडविले, तेथेच हे घडले.

१ मे १९४५ रोजी युगोस्लाव्ह सैन्य शहरात शिरले. चाळीस दिवसांच्या त्या अमलात अटका व हत्या झाल्या. १९४७ च्या तहाने ‘मुक्त प्रदेश’ निर्माण केला, पण त्याचा राज्यपाल अखेरपर्यंत नेमला गेला नाही. ‘अ’ विभाग ब्रिटिश-अमेरिकन व ‘ब’ विभाग युगोस्लाव्ह लष्कराकडे राहिला. नोव्हेंबर १९५३ च्या दंगलीत सहा माणसे मेली. ऑक्टोबर १९५४ च्या लंडन येथील समझोत्याने शहर इटलीकडे गेले. १९७५ च्या ओसिमो तहाने ती सीमा कायम झाली. इस्त्रिया व दाल्मेशियातून दोन लाखांवर लोक घरदार सोडून निघाले; त्यांतील पुष्कळ त्रिएस्त परिसरात विसावले. शहरास माणसे मिळाली, मुलूख मिळाला नाही.

तुटलेले संबंध पुढे निराळ्या वाटांनी जोडले गेले. १९६४ मध्ये अब्दुस सलाम यांच्या पुढाकाराने येथे सैद्धान्तिक भौतिकीचे आंतरराष्ट्रीय केंद्र निघाले. १९६७ मध्ये येथून आल्प्स ओलांडून बव्हेरियापर्यंत खनिज तेलाची नळवाहिनी गेली. म्हणजे जुना पृष्ठप्रदेशच नव्या रूपाने परत लाभला. डिसेंबर २००७ मध्ये सीमेवरील तपासणी बंद झाली. १३ जुलै २०२० रोजी, त्या जाळपोळीस शंभर वर्षे झाली त्याच दिवशी, उभय राष्ट्राध्यक्षांच्या उपस्थितीत ‘नारोद्नी दोम’ स्लोव्हेन समाजास परत देण्याचा करार झाला. ऑक्टोबर २०२३ मध्ये मात्र इटलीने सीमेवरील तपासणी पुन्हा सुरू केली.

तेव्हा त्रिएस्तचा इतिहास हा केवळ दोन राष्ट्रांच्या भांडणाचा इतिहास नव्हे. तीनशे वर्षांत समुद्र तोच राहिला, धक्केही बहुतांशी तेच राहिले. बदलत गेली ती पठारावरची रेषा. ती रेषा जेव्हा दूर होती तेव्हा शहर मोठे झाले, आणि ती दाराशी आली तेव्हा शेजाऱ्याशी वैर धरणे म्हणजे स्वतःच्याच वखारीस कुलूप घालणे ठरले. किनाऱ्यावरील त्या अवाढव्य इमारतींचा अर्थ समजून घ्यावयाचा तर प्रवाशाने समुद्राकडे पाठ करून पठाराकडे पाहिले पाहिजे.