असमकालिक चिप रचना

असमकालिक चिप रचना : मध्यवर्ती क्लॉकशिवाय, म्हणजे सर्व भागांना एकाच वेळी ठोका देणाऱ्या संकेताशिवाय, चालणाऱ्या अंकीय मंडलांची रचनापद्धती. नेहमीच्या चिपमधील सर्व भाग कारखान्याच्या भोंग्यावर हलणाऱ्या कामगारांप्रमाणे एकाच ठोक्यावर हलतात. त्यामुळे दोन ठोक्यांतील अंतर सर्वांत मंद मार्गाला पुरेल एवढे ठेवावे लागते. असमकालिक मंडलात शेजारचे भाग परस्परांना ‘विनंती’ व ‘पोच’ असे संकेत देतात. काम नसलेला भाग स्वस्थ राहतो, म्हणून वीज वाचते. भाग स्वस्थ असतानाही झिरपणारी गळतीची वीज मात्र जातेच.

कल्पना जुनी आहे. इलिनॉय विद्यापीठाचा इलियाक (१९५२) हा संगणक असमकालिकच होता. तेथील डेव्हिड मुलर यांचा सी-घटक अशा मंडलांत अजून वापरला जातो : सर्व आदाने एकसारखी होईपर्यंत तो आधीचे प्रदान धरून ठेवतो. पुढे मँचेस्टरला स्टीव्ह फर्बर यांच्या गटाने अ‍ॅम्युलेट प्रक्रियक घडवले, फिलिप्सने पेजरमध्ये असमकालिक चिप वापरली आणि २००६ मध्ये एआरएम९९६एचएस हा असमकालिक प्रक्रियक जाहीर झाला. मुख्य बाजार तरीही क्लॉकपाशीच राहिला. आयआयटी मुंबईचा ‘अजित’ प्रक्रियकही (२०१९) क्लॉकवरच चालतो.

भारतात अशा चिपला वाव कोठे, याचे एक उदाहरण पुण्याजवळचे : देहूरोड, पिंपरी-चिंचवड व चाकण या वाहन-उद्योगाच्या पट्ट्याचा चिपशी संबंध मुख्यतः गाड्यांच्या नियंत्रकांतून येतो. असमकालिक रचना उपयोगी पडावी अशीच हे नियंत्रक ही जागा. क्लॉकच्या प्रत्येक ठोक्याला विद्युत्प्रवाह उसळतो आणि ठरावीक वारंवारतांवर विद्युत्चुंबकीय गोंगाट होतो. असमकालिक चिपमध्ये तो विखुरतो. गाडीतील सुटे भाग अशा गोंगाटाच्या चाचणीतून जातात, त्यामुळे हा गुण किरकोळ नव्हे.

पण एअरबॅग किंवा ब्रेकच्या नियंत्रकाला सरासरी वेग पुरत नाही, सर्वांत वाईट स्थितीत लागणारा वेळ आधी सांगता यावा लागतो. असमकालिक मंडलाचा वेग तापमान व विद्युत्दाबाबरोबर बदलतो. क्लॉकच्या चिपचाही बदलतो, पण तेथे ती तफावत ठोक्याच्या कालावधीत आधीच धरलेली असते. त्याहून मोठी अडचण साधनांची. रचनेची प्रचलित सॉफ्टवेअरे, कालमापनाच्या पद्धती, तयार चिप तपासण्याच्या स्कॅन-साखळ्या आणि अभियंत्यांचे शिक्षण, सारे क्लॉक गृहीत धरून उभे राहिले आहे. विनंती-पोच या हस्तांदोलनाच्या मंडलांना जागाही जास्त लागते. गाडीचा सुटा भाग वर्षानुवर्षे पुरवायचा असल्याने एकाच उत्पादकाच्या अनोळखी रचनेवर विसंबणे खरेदीदाराला परवडत नाही; त्याची ही सावधगिरी रास्तच म्हणावी लागेल.

असमकालिक मंडले सध्या टिकून आहेत ती मोजक्या ठिकाणी. इंटेलच्या लोइही (२०१७) या मज्जासदृश चिपमध्ये ती आहेत. मोठ्या चिपमध्ये स्वतंत्र क्लॉक असलेली बेटे असमकालिक दुव्यांनी जोडण्याचीही पद्धत आहे. तेथे बेटाच्या आतली रचना बदलावी लागत नाही.