कळफलक बदलला, बोटांचे काय?

मराठी टंकलेखन यंत्रावर 'कि' उमटवताना आधी वेलांटी दाबावी लागे, मग 'क'. यंत्राला उच्चार ठाऊक नव्हता. डावीकडून उजवीकडे आकार ठोकणे एवढेच त्याचे काम.

१९८६ मध्ये केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने संगणकासाठी 'इनस्क्रिप्ट' कळफलक प्रमाण ठरवला. त्यात क्रम उच्चाराचा : आधी 'क', मग वेलांटी. स्वर डाव्या हाताला, व्यंजने बहुतांशी उजव्या. भारतीय लिप्यांना कळांची जागा एकच. म्हणून उल्हासनगरात मराठी टंकन शिकलेला विद्यार्थी त्याच कळांवर देवनागरी सिंधीही लिहू शकतो.

एवढी सोय असूनही बदल सावकाश का झाला? अंबरनाथ असो वा बदलापूर, टंकलेखनाची परीक्षा देऊन नोकरीला लागलेल्यांची बोटे जुन्या क्रमात मुरली होती. नवा क्रम म्हणजे कमावलेला वेग गमावणे. म्हणून अनेक फाँट जुन्या क्रमावरच चालत. पण त्यांच्या फायलींत मराठी आकार रोमन अक्षरांच्या क्रमांकांवर बसवलेले असत. फाँट बदलला की मजकुराची गिचमिड होई.

युनिकोडने (१९९१) प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक दिला. पुढे अशी सॉफ्टवेअर आली, की बोटे जुन्या क्रमाने चालावीत आणि आत साठवण मात्र युनिकोडमध्ये व्हावी. कळफलक आणि साठवण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे ओळखल्यावर वाट सापडली.

वर्गात 'शिक्षक' हा शब्द दोन्ही क्रमांनी मांडून पाहू या. आकार आणि उच्चार यांतला फरक विद्यार्थ्यांना लगेच उमगेल.