मेंढीपासून स्वेटरपर्यंत सगळं घरीच: लोकर कातण्याचा छंद नेमका काय आहे?

जून-जुलै महिना. ब्रिटनमधल्या एखाद्या घराच्या न्हाणीघरात टब गरम पाण्याने भरलेला असतो आणि त्यात मेंढीची कातरलेली लोकर भिजत पडलेली असते. घरभर ओल्या मेंढीचा वास पसरलेला असतो. घरातले बाकीचे लोक नाक मुरडत असतात, पण ज्यांनी ही लोकर आणलेली असते त्यांचा वर्षातला सगळ्यात आवडता काळ नुकताच सुरू झालेला असतो.

थेट मेंढपाळाकडून लोकर घ्यायची, ती धुवायची, पिंजायची, चरख्यावर किंवा टकळीवर कातायची आणि त्याच धाग्याचा स्वेटर विणायचा, असा छंद असलेले लोक ब्रिटन, अमेरिका, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड अशा अनेक देशांमध्ये आहेत. तयार स्वेटर दुकानात सहज मिळत असताना एवढा खटाटोप का? त्यात काय काय करावं लागतं? आणि महाराष्ट्रातल्या मेंढ्यांशी याचा काय संबंध? समजून घेऊया.

दुकानातली 'लोकर' खरी लोकर असते का?

बहुतेक वेळा नसते. आपल्याकडे विणकामासाठी 'लोकर' म्हणून जे रंगीत गुंडे मिळतात, त्यातले बरेचसे अ‍ॅक्रिलिकचे असतात. अ‍ॅक्रिलिक हा पेट्रोलियमपासून बनवलेला कृत्रिम धागा आहे. तो स्वस्त असतो, मशीनमध्ये धुता येतो आणि त्याला कसर लागत नाही, म्हणून तो चालतो.

फरक ओळखायची सोपी पद्धत म्हणजे धाग्याचा छोटा तुकडा चिमट्यात धरून जाळून बघणं. खरी लोकर जळताना केस जळल्यासारखा वास येतो, ज्योत बाजूला केली की ती लवकर विझते आणि राख बोटांनी चुरडता येते. अ‍ॅक्रिलिक वितळतं आणि त्याचा टणक मणी तयार होतो.

खरी लोकर म्हणजे केसांसारखंच केराटिन हे प्रथिन. ती हवेतला बराच ओलावा शोषूनही हाताला ओली लागत नाही. तिच्या कुरळेपणामुळे तंतूंच्या मध्ये हवा अडकून राहते आणि त्यामुळे ऊब टिकते.

कोणत्या मेंढीची लोकर घ्यायची?

या छंदातला पहिला धडा म्हणजे सगळ्या मेंढ्यांची लोकर सारखी नसते. तंतूची जाडी मायक्रॉनमध्ये मोजतात. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. मेरिनो जातीच्या लोकरीचा तंतू साधारण १७ ते २४ मायक्रॉनचा असतो, म्हणून ती गळ्याशी टोचत नाही. तंतू ३० मायक्रॉनच्या पुढे गेला की लोकर टोचायला लागते, पण ती टिकाऊ असते. अशी लोकर गालिचे, घोंगड्या आणि पिशव्यांसाठी चांगली.

लोकर विकत घेताना अनुभवी लोक तिची एक बट काढून दोन्ही टोकांना धरतात, कानाजवळ नेतात आणि झटका देतात. टणत्कार आला तर तंतू मजबूत. चरचर आवाज आला किंवा बट मधेच तुटली तर मेंढी त्या वर्षी आजारी असावी किंवा तिला चारा कमी पडला असावा. म्हणजे मेंढीचं वर्ष कसं गेलं, याची नोंद लोकरीत राहते.

स्कॉटलंडजवळच्या शेटलंड बेटांवरच्या छोट्या मेंढीपासून वर्षाला साधारण एक ते दीड किलो लोकर मिळते. धुतल्यावर त्यातलं बरंच वजन कमी होतं. मोठ्या माणसाच्या स्वेटरला अंदाजे ४०० ते ५०० ग्रॅम धागा लागतो. एका शेटलंड मेंढीची लोकर म्हणजे एक किंवा फार तर दोन स्वेटर, असा हा हिशोब आहे.

धुताना चूक झाली तर काय होतं?

मराठीत 'कातरणं' आणि 'कातणं' या शब्दांमध्ये एका अक्षराचा फरक आहे. प्रत्यक्षात या दोन कामांच्या मध्ये कित्येक दिवस जातात.

कातरलेल्या लोकरीत घाम, माती, काटेकुसळं, लेंड्या आणि लॅनोलिन असतं. लॅनोलिन म्हणजे मेंढीच्या त्वचेतून येणारा मेणासारखा पदार्थ. क्रीम आणि मलमांमध्ये तो वापरतात. तो काढण्यासाठी हात पोळेल इतकं गरम पाणी आणि भांडी घासायचं लिक्विड लागतं. पाणी पूर्ण गार होण्याआधी लोकर बाहेर काढावी लागते, नाहीतर सुटलेलं लॅनोलिन पुन्हा तंतूंवर बसतं.

सगळ्यात महत्त्वाचा नियम म्हणजे लोकर चोळायची नाही. लोकरीच्या तंतूवर माशासारखे बारीक खवले असतात. गरम पाणी, साबण आणि घर्षण एकत्र आले की हे खवले एकमेकांत अडकतात आणि लोकरीचा घट्ट गोळा होतो. तो पुन्हा सोडवता येत नाही. नमदा याच गुणधर्मावर तयार होतो, पण सूत कातायचं असेल तर तीच लोकर वाया जाते. चुकून मशीनमध्ये टाकलेला लोकरी स्वेटर लहान मुलाच्या मापाचा होतो, त्यामागचं कारणही हेच.

पेळू, पीळ आणि पदर

वाळलेली लोकर तारेचे दात असलेल्या दोन ब्रशांनी पिंजतात आणि तिचा हलका सुरळीसारखा पेळू करतात. त्यापासून कातलेला धागा फुगीर आणि उबदार होतो. लांब तंतू फणीने विंचरून एकाच दिशेला लावले तर धागा गुळगुळीत आणि मजबूत होतो. मोजे आणि जाळीदार शालींसाठी तो चांगला.

कातणं म्हणजे तंतू थोडे थोडे सोडत ओढायचे आणि त्यांना पीळ द्यायचा. पायाने चालवायच्या युरोपीय चरख्यावर पीळ देणं आणि धागा गुंडाळणं एकाच वेळी होतं. आपल्या चरख्यावर आधी धागा काढायचा आणि मग हात उलटा फिरवून तो चातीवर गुंडाळायचा, असं दोन टप्प्यांत काम होतं.

एकपदरी धाग्यात पीळ उरलेला असतो, त्यामुळे त्याच्यापासून विणलेलं कापड तिरकं होऊ शकतं. म्हणून दोन किंवा तीन धागे एकत्र घेऊन त्यांना उलट्या दिशेने पीळ देतात. दोन्ही पिळांचा तोल साधला की धागा शांत होतो. मग त्याची लडी करायची, ती पुन्हा भिजवायची आणि वाळवायची. त्यानंतर विणकामाची सुरुवात.

एका स्वेटरला किती वेळ लागतो?

एक ढोबळ हिशोब करून बघूया. मध्यम जाडीच्या स्वेटरला साधारण १,१०० मीटर दुपदरी धागा लागतो असं धरू. त्यासाठी २,२०० मीटर एकपदरी धागा कातावा लागेल. तासाला १०० मीटर धागा निघतो असं मानलं, तर नुसतं कातायलाच २२ तास. शिवाय धुणं, पिंजणं, पदर घालणं आणि विणणं. नोकरी आणि घर सांभाळून रोज अर्धा-पाऊण तास देणाऱ्यासाठी हे काही महिन्यांचं काम आहे.

यात वेग वाढवण्याच्या स्पर्धाही होतात. 'बॅक टू बॅक' या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत आठ जणांचा संघ मेंढी हाताच्या कात्रीने कातरण्यापासून स्वेटर पूर्ण करण्यापर्यंत सगळं एका दिवसात करतो. २००४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या मेरिवाच्या संघाने हे काम पाच तासांच्या आत केलं होतं. आठ सराईत माणसं आणि जवळपास पाच तास, म्हणजे चाळीसेक तासांची मेहनत झालीच.

रोजच्या आयुष्यात हा छंद कसा दिसतो?

छोटं विणकाम पिशवीत असतं आणि ते ट्रेनमध्ये, दवाखान्यात रांगेत, ऑनलाइन मीटिंगमध्ये बाहेर निघतं. चरखा मात्र घरीच. काही जण रात्री टीव्हीसमोर कातायला बसतात. कसरीच्या अळ्या लोकर खातात, म्हणून नवी लोकर हवाबंद पिशवीत घालून काही दिवस फ्रीझरमध्ये ठेवणारेही आहेत. तिथे मटारच्या शेजारी मेंढीची लोकर दिसली तर आश्चर्य वाटायला नको.

या लोकांची स्वतःची भाषा आहे. चुकलेलं विणकाम उसवण्याला ते 'फ्रॉगिंग' म्हणतात. एक मोजा झाल्यावर दुसरा विणायचा कंटाळा येतो, तो 'सेकंड सॉक सिंड्रोम'. गरजेपेक्षा जास्त साठवलेली लोकर म्हणजे 'स्टॅश', आणि हा साठा बहुतेकांकडे असतो.

एकट्याने करायचं काम असलं तरी हा छंद माणसं जोडतो. ब्रिटनमध्ये विणकर, कातणारे आणि रंगकाम करणारे यांच्या स्थानिक मंडळांची संघटना १९५५ पासून काम करते. २००७ मध्ये सुरू झालेल्या 'रॅव्हलरी' या वेबसाइटवर जगभरचे विणणारे आपले नमुने आणि अनुभव मांडतात. 'टूर द फ्रान्स' ही सायकल शर्यत सुरू असताना 'टूर द फ्लीस' चालते. सायकलस्वार चाक फिरवतात, तेव्हा हे लोक घरी चरख्याचं चाक फिरवतात.

यात भारताचं काय?

भारतात अनेकांसाठी हे काम छंद नाही, रोजचं जगणं आहे. हिमाचल आणि उत्तराखंडच्या डोंगराळ भागात चालता-बोलता टकळीवर लोकर कातणारी माणसं आजही दिसतात.

महाराष्ट्राचा एक धागा तर थेट या जागतिक छंदाशी जोडलेला आहे. पेटीत मावणारा, घडी करून नेता येणारा चरखा १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला पुण्याच्या येरवडा तुरुंगात गांधीजींच्या प्रयत्नांतून आकाराला आला. त्याला 'येरवडा चक्र' म्हणत. आज अमेरिका-युरोपमधले हौशी लोक कापूस आणि आखूड, बारीक तंतू कातण्यासाठी असे पेटी चरखे वापरतात. १९३७ च्या वर्धा परिषदेनंतर नई तालीमच्या शाळांमध्ये टकळीला जागा मिळाली. त्यामुळे मूलोद्योगाच्या तासाला सूत कातल्याची आठवण आपल्याकडच्या अनेक आजी-आजोबांना असते.

आपली लोकर कुठे जाते?

महाराष्ट्रातली दख्खनी मेंढी बहुतेक काळी, काटक आणि लांबच्या चालीला सरावलेली. तिची लोकर जाड आणि थोडी, वर्षाला साधारण अर्धा किलो. धनगर समाजाच्या मेंढ्यांच्या लोकरीपासून सणगर आणि खुट्टेकर विणकर घोंगड्या विणत आले. चिंचोक्याची खळ दिलेली घोंगडी पाऊस आणि थंडी दोन्हींत उपयोगी पडायची.

नंतर पानिपतच्या कारखान्यांमधली स्वस्त ब्लँकेट्स आली आणि घोंगडीचं गिऱ्हाईक कमी झालं. मेंढपाळाचं उत्पन्न आता मुख्यतः मटण आणि शेतात मेंढ्या बसवण्यावर अवलंबून आहे. संशोधनाचा रोखही तिकडे वळला. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने दख्खनी आणि बंगालच्या गरोल मेंढीच्या संकरातून 'नारी सुवर्णा' तयार केली, ती जुळी कोकरं मिळावीत म्हणून. मेंढ्या कातराव्या तर लागतातच, पण अनेक ठिकाणी कातरणीचा खर्चही लोकरीतून निघत नाही आणि ती तशीच टाकून दिली जाते.

हा प्रश्न फक्त आपला नाही. २०२० मध्ये ब्रिटनमध्ये लोकरीचे भाव इतके पडले, की काही शेतकऱ्यांनी ती जाळली किंवा खतात टाकली.

छंदामुळे फरक पडतो का?

काही प्रमाणात पडतो. अमेरिकेतल्या 'लाइव्हस्टॉक कन्झर्व्हन्सी' या संस्थेने २०१९ मध्ये दुर्मीळ जातींच्या मेंढ्यांसाठी एक उपक्रम सुरू केला. त्यात कातणाऱ्या-विणणाऱ्यांना एक पासपोर्ट मिळतो. एखाद्या दुर्मीळ जातीची लोकर पाळणाऱ्याकडून थेट घेतली की त्यावर त्या जातीचा शिक्का बसतो. लोकर विकली जाते, म्हणून मेंढी पाळणं परवडतं आणि जात टिकायला मदत होते.

दख्खनी लोकरीची थेट नक्कल अशी करता येणार नाही. ती गळ्याशी घालायच्या स्वेटरसाठी नाही. बसकर, पिशव्या, गालिचे, नमदा, घोंगडी ही तिची कामं. पण तिच्याकडे लक्ष जाऊ लागलं आहे. याच लोकरीवरच्या, सुरेश एरियत दिग्दर्शित 'देसी ऊन' या लघुपटाला २०२५ मध्ये फ्रान्सच्या अ‍ॅनसी अ‍ॅनिमेशन महोत्सवात ज्युरी पुरस्कार मिळाला.

हौशी लोकांच्या खरेदीने लाखो मेंढ्यांच्या लोकरीचा प्रश्न सुटणार नाही. त्यासाठी मोठी मागणी आणि धुण्या-पिंजण्याची सोय लागेल. पण ज्याने एकदा स्वतः पाच मीटर धागा कातला आहे, तो घोंगडीची किंमत ऐकून 'एवढी महाग?' असं सहसा विचारत नाही.

सुरुवात करायची असेल तर?

चरखा लगेच घ्यायची गरज नाही. एक टकळी आणि थोडी धुऊन पिंजलेली लोकर पुरेशी आहे. लोकरीचे तंतू कापसापेक्षा लांब असतात, त्यामुळे नवशिक्याला ती सोपी जाते. पहिला धागा कुठे सुतळीएवढा जाड, कुठे केसाएवढा बारीक निघेल आणि दर दोन मिनिटांनी तुटेल. तुटला तर दोन्ही टोकं पिंजून एकमेकांवर ठेवायची आणि पुन्हा पीळ द्यायचा. तो पहिला वेडावाकडा धागा टाकून मात्र द्यायचा नाही. वर्षभराने हात किती बसला, हे त्याच्याकडे बघूनच कळतं.