नगराबाहेरचे नवे नगर

बेघरांच्या सेवेचा विषय निघाला की आपल्या डोळ्यांसमोर मदर तेरेसांनी १९५२ साली कोलकात्यातील कालीघाट येथे उघडलेले ‘निर्मल हृदय’ उभे राहते. ते स्वाभाविकच आहे. परंतु या सेवेची परंपरा पुष्कळ जुनी आहे. तिचा एक तेजस्वी अध्याय चौथ्या शतकात कप्पदुकियात लिहिला गेला.

पेन्टेकॉस्टच्या दिवशी यरुशलेममध्ये जमलेल्या लोकांत कप्पदुकियाचेही रहिवासी होते, हे ‘प्रेषितांची कृत्ये’ वाचणाऱ्यांना ठाऊक आहे. हा प्रदेश आजच्या तुर्कस्तानात येतो. कैसरिया, म्हणजे आजचे कायसेरी, ही त्याची राजधानी. इ. स. ३६९ च्या सुमारास तेथे भीषण दुष्काळ पडला. समुद्र दूर असल्यामुळे बाहेरून धान्य आणणे कठीण होते. ज्यांची कोठारे भरलेली होती ते भाव वाढण्याची वाट पाहत बसले.

त्या वेळी संत बेसिल तेथे धर्मगुरू होते. कोठारे पाडून मोठी बांधू पाहणाऱ्या मूर्ख धनवानाचा लूककृत शुभवर्तमानातील दाखला घेऊन त्यांनी धनिकांना प्रवचन केले. साठवलेली भाकर भुकेल्याची आणि पेटीतले वस्त्र उघड्याचे आहे, असा त्यांच्या बोलण्याचा रोख होता. कोठारे उघडली. बेसिल यांनी उपाशी माणसांना एकत्र आणून कडधान्याच्या आमटीचे हंडे चढवले आणि कमरेला वस्त्र गुंडाळून ते स्वतः सेवेस उभे राहिले.

इ. स. ३७० मध्ये ते कैसरियाचे बिशप झाले. दुष्काळ ओसरला तरी त्यांचे कार्य थांबले नाही. अन्नाने एका दिवसाची भूक भागते. पण ज्याला घर नाही त्याने रात्री जावे कोठे? बेसिल यांनी नगराबाहेर वाटसरू, निराधार व आजारी यांच्यासाठी निवास उभारले. तेथे वैद्य होते, परिचारक होते, उपजीविकेच्या कामांसाठी कार्यशाळाही होत्या. लोक या वस्तीला ‘बेसिलियाड’ म्हणू लागले. घरच्यांनीही टाकून दिलेल्या कुष्ठरोग्यांना तेथे आसरा मिळाला. बेसिल त्यांना भाऊ मानून आलिंगन देत, असे त्यांचे मित्र संत ग्रेगरी यांनी नमूद केले आहे. ग्रेगरी यांनीच या वस्तीला ‘नवे नगर’ म्हटले.

या कार्याला विरोधही झाला. प्रांताधिकाऱ्याचे कान भरण्यात आले. बेसिल यांनी त्याला पत्र लिहून विचारले, की परक्यांसाठी निवास बांधून आम्ही कोणाचे नुकसान केले? हा प्रश्न आजही शिळा झालेला नाही. आपल्या वस्तीशेजारी बेघरांसाठी निवारा होणार म्हटले की आपल्यापैकी कितीजणांच्या कपाळाला आठ्या पडतात!

इ. स. ३७९ मध्ये बेसिल प्रभूघरी गेले. ख्रिस्तसभा २ जानेवारीला बेसिल व ग्रेगरी या दोघा मित्रांचा सण एकत्र साजरा करते. तेव्हा नाताळचा तारा अजून आपल्या दारावर उजळत असतो आणि उतारशाळेत जागा न मिळालेले कुटुंब आपल्या गव्हाणीत असते. त्या दिवशी आपल्या धर्मग्रामाच्या हद्दीत उघड्यावर झोपणाऱ्या एकाची तरी, नाव विचारून, चौकशी करावी. काय हवे ते त्यालाच विचारावे आणि शेजारच्या दोन कुटुंबांना बरोबर घेऊन ते पुरवावे.